मोगलचा माठ

छावणी, औरंगाबाद
१२ मार्च २०१६

ती. कालिंदीमावशीस,
शि. सा. न.

तू नाशिकला जाऊन आज सहा दिवस झाले. घरात सगळे जिवंत आहेत, मी धरून. गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, की अजून तारीखच चाललीय? फोनवर विचारलं असतं, पण तुझ्या कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, म्हणून हा पत्रांचा उद्योग. याआधीचं पत्र मी सातवीच्या परीक्षेत लिहिलं होतं, नसलेल्या मामाला.

स्वयंपाकघराच्या दाराला तू मांजरांच्या खाण्याचा जो तक्ता चिकटवून गेलीस तो पाठ झाला. अडीच वर्षं इंजिनिअरिंगला होतो, तिथं एवढं काही पाठ झालं नाही. शेठला साखरेचा आजार, भात आणि दूध बंद, उकडलेलं चिकन मोजून, तेही सगळ्यांच्या आधी आणि न्हाणीत कोंडून, नाहीतर तो चौघांचं खातो. जिजीला दात नाहीत, तिचा खिमा चाळणीतून दाबायचा आणि मांडीवर घेऊन बोटानं भरवायचा. बिब्बीला मासळीनं अंगावर चट्टे उठतात, तिला अंडं, कपाटावर, कारण खाली ती शेठला भिते. युसूफभाईंच्या दुकानातून रोज चिकन आणतो. ते विचारतात, "टीचर के नवाब लोगां कैसे हैं?"

इथपर्यंत ठीक. मोगलचं मात्र मला झेपत नाही, मावशी. दिवसातून चार वेळा माठाची तोटी सोडून त्याच्यासमोर बसायचं म्हणजे काय? अख्खी छावणी पाच दिवसांनी येणाऱ्या नळाची वाट बघतीय, शेजारच्या नव्या बिल्डिंगवाल्यांनी सहाशे फूट बोअर मारल्यापासून आपला बोअर नुसता खारट चिखल ओकतोय, आणि मी एका बोक्यासाठी धार सोडून बसलोय. काल सारजाबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, "देवाला म्हणावं, पुढल्या जल्मी मला ह्याच घरचं मांजर कर."

आता खरं सांगतो. कॉलेजात हजेरीवरून सरांच्या अंगावर जर्नल फेकून मी बाहेर पडलो, बाबांनी फर्दापूरच्या घराचं दार लावलं, तेव्हा तू मला ठेवून घेतलंस. त्या उपकारापोटी मी मांजरं सांभाळतोय असं बाबांना वाटतं. तुला तसं वाटत नसणार. समोरच्या घरात स्वरदा राहते. ती माझ्याच वर्गात होती, अजून आहे. सकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालते तेव्हा मी बरोबर जिजीला भरवायला ओट्यावर बसलेला असतो. काल तिनं विचारलं, "मांजरं काय म्हणतात?" मी म्हणालो, "बरं म्हणतात." एवढंच बोललो. दिवसभर त्यावरच आहे.

तिच्याबद्दल पुढं दोन पानं जोडली आहेत. वाचून फाडून टाक.

तुझा
हिमांशू


नाशिक
१७ मार्च २०१६

चि. हिमांशू यास,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. धाकट्या बहिणीच्या घरी खुर्चीत बसून आहे आणि कुणी पाणी आणून दिलं तरच पिते, म्हणजे मोगलसारखीच झाले आहे. तुझ्या पत्रातल्या अकरा चुका लाल पेनानं दुरुस्त करून ते पेटीत ठेवलं. ती दोन पानं फाडली नाहीत. कागद चांगला होता.

मोगलबद्दल नीट वाच. त्याच्या लघवीत खडे होतात. दोन वर्षांपूर्वी तो तुंबला होता. डॉक्टरांनी नळी घालून मोकळा केला आणि म्हणाले, याच्या पोटात पाणी जायला हवं, दुसरं औषध नाही. वाटीतलं साचलेलं पाणी तो हुंगतो आणि निघून जातो. बोअरच्या पाण्याला तर तोंडच लावत नाही. महिनाभर मी रडकुंडीला आले होते. मग एकदा माठाची तोटी गळत होती आणि हा तिच्याखाली मान वाकडी करून पिताना दिसला. तेव्हापासून ही पद्धत. धारेखाली मातीचं परळ, परळाखाली बादली. बादलीतलं पाणी तुळशीला आणि फरशीला जातं, थेंब वाया जात नाही, हे सारजाबाईंना सांग. तिन्ही हंडे नळाच्या पाण्याचे भरून ठेवायचे, ते त्याच्या माठासाठी. आपल्याला प्यायला पिंप आहे.

तो मातीच्या टोपलीत दिवसातून किती वेळा जातो ते मोज. बसून राहिला आणि काही झालं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या दिवशी नाही. आणि सुका खाऊ त्याला अजिबात नको.

स्वरदा गुणी मुलगी आहे.

तुझी
कालिंदीमावशी


छावणी
४ एप्रिल २०१६

ती. मावशीस,
सा. न.

मोगल काल चार वेळा टोपलीत गेला, आज दुपारपर्यंत दोनदा. मी वहीत मांडतो. कधी कुणी मला म्हणालं असतं की तू बोक्याच्या लघवीचा हिशोब ठेवशील, तर त्याच्या कानाखाली दिली असती. पण तो धारेखाली मान वाकडी करतो, जिभेनं पाणी तोडून तोडून पितो, आणि मधेच थांबून माझ्याकडं बघतो की बंद तर करणार नाहीस ना. ते बघायला आता बरं वाटतं. जिजी मांडीवरच झोपते. शेठ न्हाणीत असा ओरडतो की परवा शेजारचे विचारायला आले, कुणाला मारताय का.

खरी गोष्ट पुढं आहे. काल स्वरदा स्वतः फाटकाशी आली. त्यांचा टँकर आठ दिवस आला नाही. मला म्हणाली, "हिमांशू, दोन-तीन हंडे पाणी मिळंल का रे? पुढच्या रविवारी घरी कार्यक्रम आहे, पाहुणे यायचेत."

मी म्हणालो, "मिळंल की. मीच आणून देतो."

"तुला त्रास."

"त्रास कसला."

मावशी, सगळी गल्ली सोडून ती माझ्याकडं आली. वास्तुशांती असंल नाहीतर सत्यनारायण. मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. तिचे वडील पहिल्यांदा मला घरात बघतील. एका दिवसाचा प्रश्न आहे, मोगलचं मी भागवतो. नळ सोमवारी येणारच आहे. नाही म्हणू नकोस.

हिमांशू


नाशिक
८ एप्रिल २०१६

चि. हिमांशू,

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच उत्तर लिहून धाकटीच्या हाती टपालात देते आहे. वेळेवर पोचेल असं वाटत नाही.

ते हंडे देऊ नकोस. पाणी हवं असेल तर आपल्या पिंपातलं दे, तू दोन दिवस युसूफभाईंकडे पाणी पी. माठ रिकामा ठेवायचा नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे असं तू लिहितोस, मोगलच्या बाबतीत एक दिवस फार असतो.

आणि लोकांच्या घरच्या कार्यक्रमात आपण पडू नये. पाणी दारात ठेवून परत ये. वर जाऊ नकोस.

मावशी


छावणी
१६ एप्रिल २०१६

ती. कालिंदीमावशीस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझा गुडघा आता बरा असेल अशी आशा करतो. इथे सर्व काही व्यवस्थित आहे. शेठ, जिजी, बिब्बी आणि मोगल मजेत आहेत. सर्वांचं खाणंपिणं तक्त्याप्रमाणे चालू आहे. शेठचं वजन थोडं कमी झालं आहे असं वाटतं.

पाण्याची अजिबात काळजी करू नकोस. सोमवारी नळ आला. तिन्ही हंडे भरलेले आहेत आणि माठही भरलेला असतो. पाणी पुरून उरतं आहे.

शेंद्र्याच्या एका कंपनीत कंत्राटी जागा आहेत असं ऐकलं. प्रयत्न करणार आहे.

प्रकृतीची काळजी घे.

तुझा
हिमांशू


नाशिक
२० एप्रिल २०१६

हिमांशू,

या पत्रात एकही चूक नाही. म्हणजे तू ते आधी कच्चं लिहिलंस आणि मग पक्कं केलंस. मी तेहतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत.

स्वरदाचं नाव कुठेही नाही.

आणि माठ भरलेला असतो म्हणतोस. मोगल असताना या घरात माठ कधी भरलेला राहिला नाही. ऐन उन्हाळ्यात, पाच दिवसांच्या नळावर, पाणी पुरून उरतं आहे.

तो कधी गेला?

मावशी


छावणी
२५ एप्रिल २०१६

मावशी,

बुधवारी, तेरा तारखेला, सकाळी नऊ वाजता.

हे पत्र कच्चंच आहे, चुका राहू देत. मी सगळं सांगतो, आणि जसं झालं तसंच सांगतो.

रविवारी सकाळी तिन्ही हंडे नेले. तरी पुरणार नाही असं तिच्या आईच्या तोंडावर दिसलं, म्हणून मी घरी येऊन माठ एका कळशीत उपडा केला. हे मला कुणी मागितलं नव्हतं. मोगल तोटीखाली बसलेला होता. त्याच्या परळात मी बोअरचं पाणी ओतलं आणि म्हणालो, आजच्या दिवस घे बाबा. त्यानं हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं.

कळशी घेऊन जिना चढलो तर वर पाहुणे आलेले. पाच-सहा माणसं, पोह्यांच्या ताटल्या, आणि स्वरदा साडीत, हातात चहाचा ट्रे. समोर सोफ्यावर एक चष्मेवाला मुलगा गुडघे जुळवून बसलेला. तेव्हा मला कळलं कार्यक्रम म्हणजे कसला. तिला दाखवण्याचा. मराठीत त्याला दुसरं काय म्हणतात सांग, अख्खं जग कार्यक्रमच म्हणतं, आणि मी सत्यनारायण धरून बसलो होतो.

एका म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं, "हा कोण?"

तिचे वडील म्हणाले, "समोर बाईंकडं असतो. मांजरं सांभाळायला."

ते वाईट बोलले नाहीत. खोटंही बोलले नाहीत. स्वरदानं माझ्याकडं बघून मान हलवली, आलास बरं झालं, अशी. पण माझं डोकं फिरलं. मी वळलो आणि ती कळशी त्यांच्या जिन्यावर उपडी केली. वरपासून खालपर्यंत. मोगलच्या माठातलं पाणी, मावशी, पायरी पायरी उतरत रस्त्यावर गेलं, आणि रस्त्यावरच्या दोन बाया हातातलं काम सोडून बघत राहिल्या. त्यांचं तोंड मला अजून दिसतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी आलो. फर्दापूरला जायचं ठरवलं, का ते विचारू नकोस, बाबा बोलत पण नाहीत माझ्याशी. तक्ता समोर होता. मी परात घेतली, चिकन, भात, कपाटात मागच्या डब्यात होतं ते सुकं खाद्य, सगळं एकात ओतलं आणि मधे ठेवून दिलं. म्हणालो, खा काय खायचं ते, तुमची नोकरी करायला जन्मलो नाही. मोठ्यानं म्हणालो. कुलूप लावून निघालो. सारजाबाई दोन दिवसांच्या रजेवर होत्या, ते पण माहीत होतं.

सोमवारी नळ आला आणि गेला. मी फर्दापूरला बसथांब्यावर बसून होतो. तुला सोमवारी नळ आला असं लिहिलं ते खरं आहे, फक्त भरायला घरात कुणी नव्हतं. हंडे भरलेत असं लिहिलं ते खोटं, हंडे तेव्हा समोरच्या घरातच होते.

मंगळवारी दुपारी आलो. दाराखाली तुझं पत्र पडलेलं. ते हातात घेऊन आत गेलो. परात चाटून पुसून लख्ख, शेठ तिच्या शेजारी आडवा, पोट फुगलेलं. जिजीला एक घास मिळाला नसणार, ती माझ्या गादीवर बसून होती. मोगल टोपलीत होता. पाठीला बाक काढून बसलेला. माती कोरडी होती. मला बघून ओरडला नाही, उठून कसातरी माठापाशी गेला आणि तोटीखाली बसला. माठ रिकामा.

त्याला दुसऱ्या टोपलीत घालून युसूफभाईंच्या दुकानावर पळत गेलो. त्यांनी पोटाला हात लावला आणि सुरी खाली ठेवली. म्हणाले, "मियाँ, ये मूतरा नहीं. कब से ऐसा है?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"माहीत नाही मतलब? तुमीच देखतें ना इनकू?"

त्यांनीच स्कूटरवर घेतलं. डॉक्टरांनी नळी घातली, मोकळाही केला, पण म्हणाले विष अंगात भिनलंय, काल आणलं असतं तर. काल. तू लिहिलंच होतंस. संध्याकाळी घरी आणला. युसूफभाईंनी घरून पाणी पाठवलं होतं, ते माठात भरून मी तोटी सोडली. तो बघत राहिला. पाणी परळातून बादलीत पडत राहिलं. मान वाकडी केली नाही त्यानं.

मागं जांभळीखाली पुरलाय. खड्डा युसूफभाईंनी आणि मी खणला. जमीन इतकी कडक की पहार वाजत होती.

परवा स्वरदा हंडे परत करायला आली. हंड्यात पेढ्याचा पुडा. मी मोगलचं सांगितलं तर ती पायरीवर बसली. म्हणाली, "मला काय माहीत ते पाणी त्याचं होतं. आणि तू एकदा तरी विचारायचं ना, कार्यक्रम कसला. मला वाटलं तुला माहीत आहे. कालिंदीमावशींना तर जानेवारीपासून माहीत आहे."

एवढंच विचारायचं आहे. तुला माहीत होतं?

पेढे मी सारजाबाईंना दिले.

हिमांशू


नाशिक
२ मे २०१६

चि. हिमांशू,

तुझं पत्र मिळालं.

हो. मला माहीत होतं. स्वरदाच्या आईनं संक्रांतीला सांगितलं होतं, स्थळ बघणं चालू आहे, उन्हाळ्यात उरकून टाकू. तुझं मन कुठे आहे तेही मला दिसत होतं. तुला सांगावं असं चार वेळा वाटलं. पण मार्चमध्ये माझं ऑपरेशन होतं. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी पिशवी उचलून निघून गेला असतास, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मग या चौघांना कोण बघणार होतं? म्हणून गप्प बसले. ती समोर राहते म्हणून तू राहशील, असा हिशोब मी केला. तू लिहिलेली ती दोन पानं वाचूनही मी उत्तर काय दिलं, स्वरदा गुणी मुलगी आहे. ते वाक्य लिहिताना मला लाज वाटली होती, तरी लिहिलं.

आठ तारखेच्या पत्रातसुद्धा वर जाऊ नकोस एवढंच लिहिलं. का, ते लिहिलं नाही.

तू मोगलला दोन दिवस कोंडलंस. मी तुला दोन महिने. तुझ्या रागाला मी माफी देणार नाही, परात भरून कुलूप लावलंस ते मला विसरता येणार नाही आणि तसं खोटं मी लिहिणारही नाही. पण त्या कळशीतल्या पाण्यात माझाही हात होता, हे तुला लिहून देते आहे. हे पत्र जपून ठेव. पुढे कधी मी तुला त्यावरून बोलले तर दाखव.

एकवीस तारखेला दुपारी येते, धाकटीचा मुलगा गाडीनं सोडेल. तोपर्यंत तू थांबावंस असं मी म्हणू शकत नाही. जायचं असेल तर तिघांना युसूफभाईंच्या मुनिराभाभींकडे सोपव, त्यांना तक्ता समजावून सांग. जायचं नसेल तर जिजीच्या हिरड्या बघ. उन्हाळ्यात सुजतात.

मावशी


(जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली)

छावणी
२१ मे २०१६, पहाटे

मावशी,

मला शेंद्र्याला पहिली पाळी आहे, साडेतीनला सुटते. पाच वाजेपर्यंत येतो. दार युसूफभाई उघडून देतील.

शेठला तू आल्यावर न्हाणीत कोंड. ओरडला तरी उघडू नकोस, दोन मिनिटांत खातो आणि मग नाटक करतो. जिजीचा खिमा चाळून वाटीत झाकलाय. डाव्या बाजूच्या हिरडीला सूज होती, डॉक्टरांनी दिलेले थेंब रोज घालतोय, उतरलीय. तिला मांडीवर घेशील तेव्हा गुडघा जप. बिब्बीचं अंडं कपाटावर ठेवलंय, तू आलेली बघून ती आधी दोन तास रुसेल.

स्वरदाची साखरपुड्याची पत्रिका तुझ्या पलंगावर आहे. पाकिटावर आपल्या दोघांची नावं आहेत, तुझं आणि माझं. मी जाऊन आलो. जिन्यावरून वर गेलो आणि जिन्यावरूनच खाली आलो, तिच्या वडिलांची माफी मागून. ते म्हणाले, पाणी फुकट गेलं त्याचं वाईट वाटलं. मी म्हणालो, मलाही.

काल नळ आला. तिन्ही हंडे भरलेत, माठही भरलाय. तुझं पत्र मिळाल्यापासून रोज चार वेळा तोटी सोडतो, तो असताना सोडायचो तेवढी नाही, थोडी. कुणी पीत नाही. बादलीतलं पाणी जांभळीला घालतो.

हे चूक वाटलं तर सांग, बंद करतो. आणि चुका लाल पेनानंच कर.

हिमांशू